खेमाजीराव द्यूतनगरीत बसले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. लिहिणारास तिने सांभाळून घ्यावे. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरे, चैत्रमासी महाराजांनी सरदार खेमाजीराव ढमाले यांस आज्ञा केली की, वाळवंटी द्यूताचे शहर वसले आहे म्हणतात, ते पाहून यावे. सरदारांची लेक आवडाबाई, तिचे लग्न वैशाखातील पंचमीस नेमिलेले, सबब पाहून त्वरित फिरावे ऐसे ठरोन आम्ही कारकून सोबत निघालो. मग शहर दृष्टीस पडले आणि आमची बोबडीच वळली. वाटेत पाण्याचा थेंब नाही, आणि तेथे चौकाचौकांत कारंजी उडतात, आणि परमुलखींचे मनोरे हुबेहूब नकलून उभे केलेले, आणि दुपारी भेटलेली स्त्रीपुरुषे तिसरे प्रहरी लग्न लावून मोकळी, ना मुहूर्त, ना मामा! आणि फाशांचे दिवाणखाने कोसभर लांब, त्यांस खिडकी एक नाही, घटिकापात्र नाही, दिवस की रात्र कळो नये. राम राम राम.

मग तेथील एका दिवाणखान्याच्या यजमानांनी सरदारांस मखमाली बैठकीवर बसविले, फुकट सरबते पाजिली आणि फासे पुढे केले. आता आपल्याकडील चाल ऐसी की, यजमानाने निरोपाचा विडा दिल्यावाचून पाहुण्याने उठो नये. विडा येईना, सरदार उठेनात, आणि रिकामे बसणे बरे दिसेना म्हणोन खेळू लागले. घोडी गेली, पालखी गेली, लेकीकरिता वाटेत घेतलेला शालू गेला. आम्ही विनविले, "सरकार, पंचमी आठ दिवसांवर आली." सरदार बोलिले, "विडा नाही आला. उठावे कैसे? लोक काय म्हणतील?"

तेव्हा आम्ही यजमानांकडे जाऊन विडा मागितला. ते हसोन बोलिले, "कारकूनबोवा, येथे कोणास जा म्हणण्याची चालच नाही. आणि कोणास अडवीतही नाही." मग आम्हीच आपल्या चंचीतील पाने काढून विडा केला, यजमानांचे हाती दिला, आणि त्यांनी तो रीतीप्रमाणे सरदारांस दिला. सरदारांनी विडा कपाळास लाविला आणि पटावर ठेविला. म्हणाले, "हा पणास. टाका फासे." आम्हांस रडू आले, लाज सोडून सांगतो.

मग आम्ही एकटेच पायी परतलो. आवडाबाई हळदीच्या अंगाने पुढे आल्या आणि पुसिले, "आबांस कोणी धरून ठेविले?" खोटे बोलावे ऐसे फार मनात आले. "कोणी नाही, बाईसाहेब," म्हणालो. त्यांनी मुंडावळ्या सारख्या केल्या आणि बोहल्यावर गेल्या.

येणेप्रमाणे शहर पाहिले, लिहिले तितके खरे. कन्यादान चुलत्यांनी केले.