बिनमुंडक्याचा मानाजी

बाळांनो, मांडी घाला आणि नाकातली बोटं काढा. एका जंगलात धुरपा नावाची रानडुकरीण राहत होती. तिचा नवरा मानाजी मोहाची फुलं खाऊन झिंगला, झऱ्यावरच्या शेवाळावरून घसरला आणि वारला. धुरपानं हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

वर्षभरानं हैबती कोल्हा वेगळंच सांगू लागला. मानाजीनं म्हणे सात वाघांशी झुंज दिली. मुंडकं उडालं, तरी धड लढत राहिलं. अजूनही भर दुपारी ते झऱ्यावर येतं.

लांबलांबची जनावरं झरा बघायला येऊ लागली. येताना हैबतीसाठी कोंबडी आणू लागली. हैबतीनं झऱ्याला काट्यांचं कुंपण घातलं.

काही वर्षांनी कडक उन्हाळा पडला. बाकीचं पाणी आटलं. धुरपा हैबतीकडे गेली.

"भाऊजी, घोटभर पाणी पिऊ द्या."

"वहिनी, ते जागृत स्थान आहे. उष्टं कसं करणार?"

"अहो, हे घसरून गेले. मी तिथंच होते."

जमलेल्या जनावरांत कुजबुज झाली. एक म्हातारं सांबर म्हणालं, "बाई, स्वतःच्या नवऱ्याला असा कमीपणा आणू नये."

धुरपा तशीच तहानलेली घरी परतली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या घशाला कोरड पडली. ती कुंपण मोडून आत घुसली, चिखलात लोळली आणि कानापर्यंत डोकं पाण्यात बुडवून प्यायली.

तेवढ्यात हैबती पाहुण्यांना घेऊन आला. समोर चिखलानं माखलेलं, हलणारं, बिनमुंडक्याचं धड.

सगळे पळाले. सर्वांत पुढे हैबती होता.

संध्याकाळी धुरपा त्याला भेटायला गेली. तो तापानं फणफणला होता.

"भाऊजी, ती मीच होते. पाणी पीत होते."

"वहिनी, मला फसवू नका," हैबती कण्हत म्हणाला. "इतकी वर्षं मी सांगतोय, ते काय खोटं?"

त्यानंतर झऱ्याकडे कुणी फिरकलं नाही. सगळं पाणी धुरपाचं झालं. ती सकाळी पोटभर पिई, संध्याकाळी पिई. दुपारी मात्र तहान लागली तरी ऊन कलेपर्यंत घरीच बसे. उगाच कशाला!

तात्पर्य : डोळ्यांनी पाहिलेलं खरं सांगायचं असेल, तर आधी मरावं. जिवंत साक्षीदाराला कुणी विचारत नाही.