चोविसावा बन

"गणित? गणित म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" बेकरीवाल्याने पिठाने माखलेला उजवा हात उंचावून जाहीर केलं.

कारण त्याची लेक, टिकली. आज शाळेत अवयव आणि पट यांची चाचणी होती आणि सकाळपासून पोरीचे डोळे भरलेले.

"बाबा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी नापास होणार!"

टिकलीच्या डोळ्यांत पाणी आलं की इकडे याच्या काळजाचं पाणी व्हायचं. "नापास? माझी पोरगी? मीट ते पुस्तक!"

भट्टीतून नुकतेच चोवीस बन निघाले होते. टिकलीच्या गणिताच्या बाईंनीच ते शिक्षकांच्या चहासाठी मागवले होते; शाळेत जाताना टिकलीने न्यायचे. बाबांनी ते टेबलावर मांडले. दोन रांगा केल्या, तीन केल्या, चार, सहा, आठ!

"कुठे काही उरलं? नाही ना? मग हे सगळे चोवीसचे अवयव! आता एका ताटात मावतात सहा. दोन ताटांत बारा, तीन ताटांत अठरा, चारात चोवीस. हे सहाचे पट. ताटं वाढव, पट वाढतात. झालं!"

"एवढंच?" टिकली चक्क हसली.

बाबांची छाती अशी फुगली की ॲप्रनची गाठ सुटली. माल चाखल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा बाणा. त्याप्रमाणे चव बघत बघत त्याने बायकोला हाक मारली, "अगं, बाहेर ये! नवरा काय शिकवतोय बघ!"

ती हात पुसत आली. बाबांनी ऐटीत दोन रांगा लावल्या. एक बन उरला.

"थांब हं." तीन रांगा. दोन उरले. चार रांगा. तीन उरले!

"अहो, हे तर वाढतायत," बायको म्हणाली.

"तू मोजायला चुकलीस!"

"मी? मी आत्ता आले!"

"मग बन चुकलेत!" पण लेकीसमोर हार मानेल तो बाप कसला? "एकच रांग लावतो. तीत कोण उरतंय बघू!"

रांग टेबलावरून काउंटरवर गेली आणि काउंटरवरून रस्त्याकडच्या फळीवर. बाबा पुन्हा टेबलापाशी येऊन बोट ठेवत मोजू लागले. तिकडे समोरचा न्हावी फळीपाशी थांबला.

"नमुन्याला ठेवलेत वाटतं!" त्याने एक उचलला. मागून दूधवाला आला, कामावर निघालेली मंडळी आली. फुकट ते पौष्टिक! बाबा मोजत फळीपर्यंत पोचेतो फळी साफ आणि अर्धा काउंटरही साफ! सात बन उरले. घाबऱ्याघुबऱ्या त्याने तेच मांडून पाहिले. तेही रांगांत बसेनात!

"बाबा!" टिकली टाळ्या पिटत ओरडली. "मघाशी तेवीस होते! तेवीसला एक आणि तेवीस सोडून अवयवच नाहीत. मूळ संख्या! आणि सातसुद्धा!"

"अगं पण चोविसावा गेला कुठे?"

टिकलीने बाबांच्या मिशीकडे बघितलं. मिशीत बनाचा चुरा होता.

नवीन बन भाजायला वेळ नव्हता. सात बन घेऊन टिकली शाळेत पळाली आणि बाबा दिवसभर तोंड पाडून पीठ मळत बसले. पोरीला शिकवायला गेलो आणि बाईंसमोर तोंडघशी पाडलं!

संध्याकाळी टिकलीने तपासलेला पेपर त्याच्या हातात ठेवला. प्रश्न होता, 'एक मूळ संख्या लिहा व ती कशी ओळखली ते सांगा.' खाली तिच्या अक्षरात उत्तर: 'तेवीस. माझ्या बाबांनी एक बन खाल्ला. मग उरलेले कुठल्याच रांगांत बसले नाहीत. माझे बाबा फार छान शिकवतात.'

बाबांचे डोळे डबडबले. पैकीच्या पैकी! त्याने पेपर बायकोला दाखवला, न्हाव्याला दाखवला, दूधवाल्यालाही थांबवून दाखवला. खालची लाल शाईतली ओळ मात्र बायकोनेच मोठ्याने वाचली.

'उरलेले सतरा बन उद्या पाठवावेत. चव न घेता.'