नानांचं पोट कालच बिघडलंय

माझ्या सासऱ्यांचं, नानांचं पोट रोज कालच बिघडलेलं असतं. दिवाळीपासून रोज! कधी मिसळीनं, कधी पेरूनं, आणि काहीच नाय सापडलं तर माझ्या डाळीनं. शेजारच्या काकूंना जिन्यात थांबवून सांगतात, "सूनबाईनं फोडणी जाळली, तिथून जळजळ चालू." अहो, त्या दिवशी मी माहेरी येवल्याला होते!

सोड्याचं पाणी प्यायचं, ढेकर द्यायचा आणि म्हणायचं, "गेलं बघ. पाहुणा होता." मग दोन घास खाल्ले की ताट सरकवायचं, पोट गच्च झालं म्हणून. पँट कमरेवर राहीना. मी म्हणलं, "नाना, कसला पाहुणा, यानं तर रेशनकार्डात नाव घातलंय!" तर म्हणे, "दहावी नापास तू, गप बस."

परवा संडासातून आले अन् म्हणाले, "काळंकुट्ट झालंय. जांभळं खाल्ली असतील." असतील? ऐन थंडीत जांभळं? नवरा अंबडला कंपनीत ड्युटीवर, फोन उचलंना. माझ्या पोरीला, चिऊला काखेत मारलं, नानांना रिक्षात कोंबलं अन् दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून त्रास आहे?"

"कालपासून."

"दिवाळीपासून!" मी ओरडलेच. "इथं तरी खोटं बोलू नका!"

बाई म्हणाल्या, "पोटाला आतून सूज येते. अचानक येते, कारण सापडतं, थोड्या दिवसांत जाते, ती सूज वेगळी. महिनोन्महिने कमीजास्त होत मुक्काम करते, ती जुनी. आणि काळं म्हणजे आत रक्त जात असेल. आजच ॲडमिट करा, दुर्बिणीनं बघू. बाबा, गोळ्या कुठल्या घेता?"

नाना भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"बोला ना आता! जिन्यात बरं तोंड चालतं!"

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. गुडघेदुखीची गोळी. रोज, उपाशीपोटी, चिऊची अंगणवाडी सुटायच्या आधी. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाय, आणि चिऊ खालीच हात वर करून उभी राहते. नाना तिला कडेवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर येतात. मला वाटायचं, चालत येते.

"हिनंच पोट आतून सोललं असणार. ही गोळी आजपासून बंद," बाई म्हणाल्या.

नाना रक्ताचं ऐकून नाय घाबरले, आता घाबरले. "मग पोरगी वर कशी येईल?"

"तिला पाय हायेत नाना!" मी रडत रडत ओरडले.

"हायेत गं," ते हळूच म्हणाले. "पण मग माझ्याकडं कशाला येईल?"