पंखाखालचा माणूस

लिंबाजी खंदारे यांच्या घरात येणाऱ्याला चहाच्या आधी एक प्रश्न मिळत असे. विमानाला पंख किती? 'दोन' म्हणणाऱ्याला चहा मिळत नसे. याला अपवाद नव्हता. थोरल्या जावयाला लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत मिळाला नाही. पोस्टमन सहा महिने कोरडा परत गेला. मीही 'दोन' म्हणालो, तेव्हा खंदाऱ्यांनी छताकडे बोट केले आणि म्हणाले, "मोजा आधी, मंग बोला."

छताला तारेने पाच विमाने टांगलेली होती. प्रत्येकाला वर दोन आणि खाली दोन असे चार पंख. वरच्या-खालच्या पंखांमध्ये बारीक लाकडी खांब, खांबांमध्ये तिरप्या ताणलेल्या तारा. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला होती तशी, लाकडाची आणि कापडाची.

खंदारे पूर्णा जंक्शनला डबेदुरुस्तीच्या शेडमध्ये सुतार होते. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने सडपातळ, आवाज मात्र गाडीच्या आवाजावर चढवून बोलायची सवय लागलेला. एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. शेडमधले लोक त्यांना जेट बनवा म्हणत. यावर ते संतापत. जेटमध्ये सुताराचे काय काम, असा त्यांचा सवाल होता. सगळा पत्रा. ज्या यंत्राला रंधा लागत नाही त्याला ते यंत्रच मानत नसत.

त्यांचे प्रमाण ठरलेले होते: एका हाताला दोन बोटे. मूळ विमान चोवीस हात रुंद, म्हणून त्यांचे अठ्ठेचाळीस बोटे. चाकांना बूटपॉलिशच्या डब्यांची झाकणे, सांगाड्याला बांबूच्या कामट्या आणि भंगारात निघालेल्या बाकांचा साग. पंखांवर जुन्या धोतराचे कापड ताणायचे आणि त्यावर चिंचोक्याची खळ फिरवायची. खळ वाळली की कापड हलगीसारखे वाजते. ती शिजताना येणाऱ्या वासाबद्दल शेजारच्या क्वार्टरमधून तक्रारी होत्या. त्यांच्या पत्नी गयाबाई यांची तक्रार वेगळी होती. त्यांनी मला सांगितले, "दोन धोतरं विमानाला गेली. तिसरं अंगावर हाय म्हणून वाचलं."

विमानाला कुणी खेळणे म्हटले की खंदारे त्या माणसाशी बोलणे बंद करीत. एका वरिष्ठ साहेबांच्या बाईंनी नातवाच्या वाढदिवसासाठी एक विमान मागितले, तेव्हापासून त्या दिसल्या की ते रस्ता बदलत. हाताखालच्या एका खलाशाने हेलिकॉप्टर म्हटले, त्याला शेडमध्ये सगळ्यांसमोर खांब, तारा आणि पंख मोजायला लावले. चुकला, पुन्हा मोजायला लावले.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. परभणीच्या एका साप्ताहिकात मी बातमीदार होतो. पूर्ण्याच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले आणि तिथे खंदाऱ्यांचे एक विमान मांडले गेले. विमानाच्या खालच्या पंखाखाली त्यांनी एक लाकडी माणूस बसवला होता. चार बोटे उंचीचा, मांडी घातलेला, मांडीवर कापडाचा तुकडा आणि हातात खरी सुई. मांडामांड करणाऱ्या गुरुजींना वाटले, वाटेत हिसके बसून वैमानिक खाली पडला. त्यांनी तो उचलला, पोरांना टोचू नये म्हणून सुई काढून घेतली आणि त्याला वरच्या बैठकीत बसवले. बैठकीत तो नेमका मावला, त्यामुळे गुरुजींची खात्रीच पटली.

मी गेलो तेव्हा खंदारे ड्यूटीवर होते. माहिती मी गुरुजींकडून घेतली. बातमीत लिहिले, 'खेळण्यातील विमान व त्यातील रुबाबदार वैमानिक हे प्रदर्शनाचे आकर्षण ठरले.' एका वाक्यात दोन चुका.

अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने खंदारे परभणीला उतरले आणि चालत कचेरीत आले. जयभीम घातला, बसले नाहीत. अंक माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारले की हे लिहिणारा कोण. मी म्हणालो, मी.

"मांडी घालून बसलेला माणूस विमान कसं चालवल, सायब? तुमी कधी बघितला?"

गुरुजींनी तसे सांगितले, असे मी म्हणालो. गुरुजींशी त्यांचे आधीच वाजले होते. खाली पडलेल्या माणसाला आपण वर बसवले, मान दिला, यात रागावण्यासारखे काय, असे गुरुजींचे म्हणणे होते. ते आठवून खंदारे पुन्हा तापले.

"सायबाच्या खुर्चीत बसवला म्हणून मान वाढला व्हय त्याचा? त्याचं काम खाली होतं. सुई काढून घेतली आन म्हणं मान दिला."

तो लाकडी माणूस म्हणजे त्यांचे वडील, सटवाजी खंदारे, राहणार बोरी. पहिल्या महायुद्धाच्या काळात फौजेच्या मजुरांच्या तुकडीतून इराकमधल्या बसऱ्याला गेले. हात बारीक कामाला स्थिर होता म्हणून एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्यांना विमानांचे फाटलेले पंख शिवायला बसवले. खंदाऱ्यांची मागणी सरळ होती. पुढच्या अंकात छापा की सटवाजी खंदारे बसऱ्याला विमाने शिवत होते.

मी कागद मागितला. कागद वाळवीने खाल्ला होता. कागद नसेल तर 'असे त्यांचे पुत्र सांगतात' एवढे जोडून छापता येईल, असे मी म्हणालो.

"सांगतात म्हणजे खोटं हाय, हेच ना? गावात बी असंच म्हणायचे. सटवा सांगतो. ऐका, सटवा काय सांगतो." त्यांनी अंक उचलला आणि निघून गेले.

चूक माझी होती, त्यामुळे पुढच्या रविवारी मी पूर्ण्याला गेलो. पंखांची संख्या चुकवल्यामुळे चहा मिळाला नाही. बाकी मात्र खंदाऱ्यांनी सगळे सांगितले. सटवाजी लढाईवरून परतले तेव्हा बोरीत विमान कुणी पाहिले नव्हते. संध्याकाळी चावडीपाशी लोक त्यांना मुद्दाम थांबवत आणि विमानाचे विचारत. कापडाचे असते, आपण सुईने शिवले आहे, असे त्यांनी सांगितले की हशा पिकायचा. कुणी म्हणायचे, सटवा, तुझं धोतर उडवून दाखव. तरीही ते पुन्हा पुन्हा सांगत. एके दिवशी त्यांनी सांगायचे थांबवले आणि मरेपर्यंत विमानाचे नाव काढले नाही.

का थांबवले, असे मी विचारले. खंदारे उठले आणि एका विमानाची तार बोटाने छेडून ढिली झाली का ते ऐकू लागले.

वडील गेल्यावर काही वर्षांनी खंदाऱ्यांना रेल्वेच्या वाचनालयात एक जुने इंग्रजी मासिक सापडले. त्यात लाकडी खांबांचे, चार पंखांचे, कापडी विमान होते आणि पंखाखाली मांडी घालून शिवत बसलेला एक हिंदी माणूस. चित्राखालचा मजकूर त्यांनी एका गार्डकडून वाचून घेतला. विमानाची जात लिहिली होती, शेजारी उभ्या अधिकाऱ्याचे नाव लिहिले होते. बसलेल्या माणसाबद्दल काही नव्हते.

ते पान त्यांनी मला दाखवले. मी नेहमीचा प्रश्न विचारला. हे तुमचे वडीलच कशावरून?

"न्हाईत," ते म्हणाले. "माझा बाप डावखुरा होता. ह्यो दुसराच कुणी हाय. पर बाप बी असाच बसला असंल."

खोटे बोलायची ती उत्तम संधी होती. मला खातरजमा करता आली नसती.

मी परत येऊन दुरुस्ती लिहिली. संपादकांनी पुराव्याचा प्रश्न काढलाच. मी त्यांना मजकूर पुन्हा वाचायला सांगितले. त्यात बसऱ्याबद्दल एक अक्षर नव्हते. 'मागील अंकात पूर्णा येथील विमानाच्या प्रतिकृतीचा उल्लेख खेळणे असा झाला, तो चूक आहे. तसेच ज्यांचा उल्लेख वैमानिक असा झाला ते बोरी येथील सटवाजी खंदारे असून, ते विमानाचे कापड शिवीत आहेत.' लाकडी माणूस कोण आणि तो काय करीत आहे, एवढेच विधान होते. ते तपासून घेतलेले होते. छापले गेले.

आठवड्याने खंदारे कचेरीत आले. मी नव्या आक्षेपाची तयारी ठेवली होती. ते या वेळी खुर्चीत बसले. सकाळी एस.टी.ने बोरीला जाऊन आले होते. चावडीपाशी उभे राहून दुरुस्ती मोठ्याने वाचली, असे त्यांनी सांगितले. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

लोक काय म्हणाले, असे मी विचारले.

"नवी पोरं होती. त्यांना काय म्हाईत? तवा हसणारांतले दोघंच राहिलेत. एकाला ऐकायला येत न्हाई."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्यानंच वाचून दाखवलं."

टेबलावर अंक पडला होता. त्याची घडी ते बोटाने दाबत राहिले.

"आठ वर्सांचा होतो म्या. समदे हसायलेत म्हणून हसलो. बापानं वळून बघितलं, कोण हसायलंय ते. मंग पुन्हा कधी सांगितलं न्हाई."