फक्कीच्या भिंती

मेश्रामकाका नेहमी दारातूनच आत जायचे. यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण ते दार नव्हतंच हो! हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमधला, म्हणजे वसाहतीतला, तो मोकळा प्लॉट. त्यावर काकांनी चुन्याच्या फक्कीनं खऱ्या मापाची अख्खी इमारत आखून ठेवली होती. उजवीकडे कॅरम-टेबलटेनिसचा हॉल, डावीकडे वाचनालय, मधे व्हरांडा. रेषा पुसल्या की दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. मग घरून आणलेली प्लास्टिकची खुर्ची टाकून काका वाचनालयात पेपर वाचत बसायचे.

दूधवाल्यानं गाडी आडवी घातली रे घातली, की ओरडायचे, "काहून बे, भिंतीतून येऊन राहिला? दरवाजा तिकडं आहे ना!" तो बिचारा गाडी वळवून दारातून यायचा. एकदा त्यांनी एका गायीलाही दार दाखवलं. ती मुकाट्यानं आत आली आणि वाचनालयात बसली.

ही इमारत खरोखर बांधायची होती आणि तिचा नकाशा मी काढत होते. मी आर्किटेक्ट, आणि शेजारी हे रिटायर्ड ड्राफ्ट्समन. म्हणजे डोक्याला ताप. रोज माझा चहा व्हायच्या आत फाटकात उभे, आणि एकच पालुपद: "माणूस दिसला पायजे ना वं!" जिन्यावरून दिसला पायजे, पाणी पिताना दिसला पायजे. शेवटी वैतागून मी विचारलं, "आणि संडासात हो काका?"

काका गंभीरपणे विचारात पडले. म्हणाले, "तिथं दाराखालून पाय दिसले पायजे."

मी पोट धरून हसले. आज ते हसू आठवलं की माझीच मला लाज वाटते.

खरं भांडण वाचनालयावरून झालं. लेआउटच्या कमिटीला स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी प्लायवूडच्या केबिन हव्या होत्या. मी तशा काढल्याही. काकांना मात्र लांब उघडी टेबलं हवी होती, आणि हॉलकडची भिंत कमरेइतकीच.

"काका, वाचनालयात शांतता लागते."

"शांत बसणं अन् एकटं बसणं एकच असते काय वं?"

सांगून ठेवते, मी काही सोशिक बाई नाही. कमिटीची मीटिंग दुसऱ्या दिवशी होती. मी तडकलेच, "नकाशा माझा आहे काका! तुमचा जमाना गेला!"

काका निघून गेले. तासाभरानं परत आले ते एक जुना, कडा फाटलेला नकाशा घेऊन. एका भाड्याच्या अभ्यासिकेचा होता. त्यात चाळीस केबिन. खाली सही काकांचीच. त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं.

"तेवीस नंबर. आमचा प्रशांत इथं बसे."

त्यांचा मुलगा हार्टनं गेला, एवढंच मला माहीत होतं.

"सकाळी दहाले डोकं टेकवलं त्यानं. संध्याकाळी झाडूवाल्या बाईनं हलवलं. आजूबाजूले एवढी पोरं होती वं. पण त्यायची काय चूक? दिसतच नव्हतं कोणाले." ते थांबले. "मालक चारच फुटाचं पार्टिशन म्हणत होता. म्या पाच फुटाचं काढलं. म्हटलं, पोरायचं लक्ष लागते."

 मी चहा विचारला, तो त्यांनी घेतला नाही.

मीटिंगमध्ये मी जीव तोडून भांडले. कमरेइतकी भिंत मंजूर झाली. केबिन काही कमिटीनं सोडल्या नाहीत, पण पार्टिशन टेबलाच्या वर वीतभरच ठेवायचं ठरलं. सकाळी उठले ती तडक प्लॉटवर गेले, दारातून आत शिरले आणि काकांना सांगितलं.

"वीतभर?" त्यांनी हाताची वीत ताणून पाहिली. मग खुर्चीतच वाकले, मांडीवर हात ठेवले आणि हातांवर डोकं टेकवलं.

"जा वं, हॉलमधून पाह्य. डोकं दिसते काय?"

मी दारातून बाहेर पडले, व्हरांड्यातून वळसा घालून हॉलच्या दारातून आत गेले आणि वळून पाहिलं. पांढऱ्या केसांवर ऊन पडलं होतं.

"दिसतंय काका."

"नीट पाह्य."

"दिसतंय हो काका. मी बघतेय."

पण ते काही डोकं वर करेनात; "पाहत राह्य," एवढंच म्हणाले. मी तिथंच बघत उभी राहिले.