चवळीलाही एक चिमूट

एका जंगलात, मुलांनो, सगळेच प्राणी शेती करायचे. मग वाघ काय खायचा, असं मध्येच विचारू नका. गोष्ट बिघडते.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर होती. ओढ्याकाठचा दगडगोट्यांचा तुकडा तिनं नखांनी उकरून शेतीला आणला होता. त्यात ती मक्याच्या दोन ओळींमध्ये चवळीची एक ओळ पेरायची. युरियाची चिमूट मात्र फक्त मक्याच्या बुडाशी.

एके दिवशी शेतकी अधिकारी बगळेसाहेब पाहणीला आले. बांधावर एका पायावर उभे राहिले. दुसरा पाय त्यांनी शेतात कधी टेकवलाच नव्हता.

"बाई, चवळीला खत नाही? हा भेदभाव आहे!"

"सायेब, चवळीच्या मुळांना गाठी असत्यात. त्यात ती आपलं खत आपणच करती. आयतं दिलं की गाठी धरत न्हाई. नुसती पानं माजत्यात. शेंग लागत न्हाई."

"गाठींची आमच्या फायलीत नोंद नाही," साहेब म्हणाले आणि उडून गेले.

आठ दिवसांत फर्मान निघालं. 'समान चिमूट योजना'! प्रत्येक रोपाला युरियाची सारखी चिमूट. जो घालणार नाही, त्याची जमीन जप्त.

साळूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. खत घालावं तर चवळी हातची जाते, न घालावं तर तुकडाच जातो. मग बिळातली तीन पिल्लं खाणार काय? ओढ्याकाठी बसून ती पोटभर रडली. डोळे पुसताना समोर पांढरी वाळू दिसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या डोळ्यांदेखत तिनं चवळीला चिमूट चिमूट वाळू घातली. साहेबांनी बांधावरूनच मान लांब केली. पांढरं दिसलं. त्यांनी सही ठोकली.

सुगी आली. शेजारच्या मुसंडीराव रानडुकरानं योजना इमानेइतबारे पाळली होती. त्याची चवळी मक्यावर चढून बसली आणि मका आडवा झाला. शेंगा निघाल्या सात. साऱ्या जंगलात हीच रड. साळूबाईचं बीळ मात्र कणसांनी आणि शेंगांनी भरलं.

"बघा, योजना यशस्वी!" म्हणत साहेबांनी तिचा सत्कार ठेवला. शाल काट्यांत अडकून टरकन फाटली. दोन शब्द बोलायला सांगितलं. समोर भुकेले शेजारी बसले होते. साळूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"योजना लई चांगली," ती कशीबशी म्हणाली.

टाळ्या पडल्या. साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, पुढच्या वर्षी दोन चिमटी!

मांडवाबाहेर मुसंडीराव पानं चघळत बसला होता. "वहिनी, म्या चवळीचं काय घोडं मारलं व्हतं?"

साळूबाईला राहवलं नाही. पाटीभर शेंगा तिनं त्याच्यापुढे ओतल्या आणि कानात सगळं सांगून टाकलं. मुसंडीरावाच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळपर्यंत जंगलभर झालं.

पुढच्या वर्षी जंगलानं मक्याला एक चिमूट खत आणि एक वाळू घातली. चवळीला दोन्ही वाळूच्या. पीक असं आलं की ठेवायला बिळं पुरेनात. बगळेसाहेबांना बढती मिळाली. आता ते शेजारच्या जंगलात योजना राबवायला गेले आहेत, आणि तिथले शेतकरी फार प्रामाणिक आहेत म्हणे. बिचारे!

तात्पर्य : सरकारी योजना यशस्वी व्हावी असं मनापासून वाटत असेल, तर ती सगळ्यांनी मिळून मोडावी.