उंटामागून म्हैस

राजस्थानातल्या त्या टोकाच्या गावात मी लॉरीतून उतरलो तेव्हा अंगावर इतकी वाळू होती की, आरसा समोर आला असता तर मीच मला नमस्कार घातला असता. एका उंटवाल्याला मोडक्या हिंदीत विचारलं, "बोअरिंगचा तळ कुठं आहे?" त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे सांगितलं, "राजारामपुरी, सातवी गल्ली. बैठ जा."

मला वाटलं, ऊन डोक्यात गेलं. कोल्हापूर सोडून मला पाच दिवस झाले होते.

ही सगळी शिदूअण्णांची करामत. अण्णा आमच्या बोअरिंगच्या इंजिनावर होते. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला, पन्नाशीचा, मोडक्या कानाचा गडी. त्या गावाला रस्ते नाहीत, नाके नाहीत; पत्ता सांगायचा कसा? अण्णांनी पहिल्याच महिन्यात कोल्हापूरच्या नावांनी सगळ्याचं बारसं करून टाकलं. कोरडा तलाव म्हणजे कळंबा. टपालकचेरीपुढचं मैदान म्हणजे बिंदू चौक. आमचे तंबू सरळ रांगांत ठोकलेले, म्हणून ती राजारामपुरी. उंटवाल्यांनीही ही नावं उचलली. वाऱ्यानं एखादी टेकडी रातोरात सरकली की अण्णा खवळायचे, "मुन्शिपाल्टीला न इचारता जोतिबा हलला की रं!"

कुठलीही अडचण येवो, त्यांचं उत्तर ठरलेलं. "त्यात हाय काय अन् न्हाय काय!"

मी कोल्हापूरजवळच्या नेसरी गावचा. शाळा चौथीत सुटली, मग उद्यमनगरात इंजिनं खोलायला शिकलो. घरातला मिळवता मी एकटाच, त्यामुळं सदा धास्ती. तळावरचे साहेब शिंकले तरी वाटायचं, आपलंच काही चुकलं. अण्णा मला नावानं हाक मारत नसत. "ए नेसरी! जेवलास का?" असं तळभर ऐकू जाईल एवढ्यानं विचारायचे.

त्या उन्हाळ्यात मी आजारी पडलो. काविळीनं अंथरूणच धरलं. ताप उतरला, पण अन्न पोटात ठरेना. शेळीचं दूध ओकून काढलं, उंटिणीचं तर वासानंच. कंपौंडर साहेबांना म्हणाला, "याला दूध पचलं तर ठीक. नाहीतर महिनाअखेर घरी धाडा." घरी धाडा म्हणजे नोकरी गेली. माझ्या जागेवर दुसरा माणूस येणार हेही ठरलं होतं. मी तोंडावर पांघरूण ओढून घेतलं.

नेमकी त्याच आठवड्यात अण्णांची रजा मंजूर झाली. दोन वर्षांत पहिलीच. कोल्हापूरला न्यायचं म्हणून त्यांनी लाल फेटा घेतला, मोजड्या घेतल्या. निघताना माझ्या तंबूत डोकावले. "नेसरी, म्हशीचं दूध पचंल काय तुला?"

"पचेल की. पण इथं म्हैस कुठली, अण्णा?"

"हाय काय अन् न्हाय काय!" म्हणाले आणि लॉरीत चढले.

पंधरवडा होत आला असेल. एका सकाळी उंटवाले ओरडत पळत आले. मला दोघांनी धरून बाहेर आणलं. सारं गाव बिंदू चौकात जमलं होतं. पुढं एक उंट. उंटाच्या पाठीवर झोळी, झोळीतून बाहेर डोकावणारं रेडकू. त्या रेडकाकडं बघून हंबरत मागून चालणारी काळीभोर म्हैस, तिच्या पाठीवर ओलं पोतं. आणि बाजूनं चालत तिच्या डोक्यावर छत्री धरलेले शिदूअण्णा! स्वतः उन्हात, लाल फेट्यात.

रेल्वेच्या गावाच्या बाजारात त्यांनी म्हैस घेतली होती. लॉरीवाल्यानं हात जोडले. चालवायला गेलं तर म्हैस वाळूत बसली. मग अण्णांनी उंट ठरवला आणि रेडकू वर चढवलं. "आई हाय ती," अण्णा म्हणाले. "पोरगं म्होरं गेल्यावर बसून ऱ्हाती काय?" वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर सौदा एकच : म्हशीला पाणी द्या, दूध घ्या. दूध चाखून दोघे विहीरवाले पुढच्या मुक्कामापर्यंत सोबत आले होते.

साहेब मात्र भडकले. "इथं माणसांना पाणी पुरत नाही आणि तुम्ही म्हैस आणता?"

"सायेब, तुमी आंघोळ करतासा न्हवं?"

दुसऱ्या दिवसापासून तळावरचा प्रत्येक माणूस एकाच फरशीवर आंघोळ करू लागला. सांडलेलं पाणी उतारानं खालच्या खड्ड्यात, खड्ड्यात म्हैस. साहेबांनी साबण जास्त लावला तर अण्णा तिथूनच दटावत, "सायेब, बेतानं! तिच्या डोळ्यात जातंय."

त्या पहिल्या सकाळी अण्णांनी माझ्या तोंडाशी पितळी पेला धरला. धारोष्ण, वर बोटभर फेस. सारा तळ श्वास रोखून माझ्या गळ्याकडं बघत होता. दूध पोटात गेलं आणि तिथंच राहिलं. उंटवाल्यांनी आरोळी ठोकली. महिनाअखेर मी स्वतःच्या पायांनी इंजिनापाशी उभा होतो.

एकदा वैरण टाकताना मी म्हणालो, "अण्णा, माझ्यापायी तुमची रजा गेली. घरची माणसं वाट बघत असतील."

ते म्हशीची पाठ चोळत राहिले. "कोण वाट बघतंय? आई गेली, वाटण्या झाल्या. मागच्या रजंला गेलतो. घाटावर बसलो, लॉजात झोपलो, आलो माघारी. कवा आलास म्हणून कुणी इचारलं न्हाय."

आवाज एवढा हळू की मला जवळ सरकावं लागलं.

पुढच्या वर्षी मला रजा मिळाली तेव्हा मी त्यांनाही ओढून नेसरीला आणलं. म्हैस साहेबांनी सांभाळली. सकाळच्या पेल्याची चटक त्यांनाच जास्त लागली होती. दारात आईनं मला थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला, पायांवर पाणी घातलं. अण्णा मागं भिंतीला टेकून, परक्यासारखे फेटा नीट करत उभे होते.

आईनं आत जाऊन भाकरीचा दुसरा तुकडा आणला. "आन् ह्यो कोण? आत ये की रं लेकरा, उनात का हुबा?"

ओवाळताना तिचा हात वर पोचावा म्हणून तो सहा फुटी पैलवान तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला होता.